भरतीपूर्व मेडिकल तपासणी, सातारा: तपासणी मन लावून, पण ट्रेनिंगच्या तयारीचं कुणी बोलत नाही

पुतण्या अग्निवीरच्या लेखी परीक्षेत पास झाला, ग्राउंडची तारीख जवळ आली, म्हणून त्याला साताऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात भरतीपूर्व तपासणीला नेलं. दवाखान्याचं नाव देत नाही, कारण पुढं काही उणीवाही लिहिल्यात. मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ट्रेनिंग सेंटरच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या दवाखान्यात, गेली. रिक्रूट पोरं कशानं खाटेला खिळतात ते रोज पाहिलंय, त्याच नजरेनं ही तपासणी पाहिली.

फी बाराशे रुपये, रक्त-लघवीचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी घाई केली नाही, हे आधी सांगतो. पोराला अंडरवेअरवर उभं केलं, गुडघे जुळवले आणि घोट्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. तळवे ओले करून फरशीवर ठसा घेतला. कोपराचा कोन, पायाच्या फुगलेल्या शिरा, अंडवृद्धी, मूळव्याध, तळहाताचा घाम, सगळं पाहिलं. रंगांचे ठिपके असलेली पुस्तिका दाखवताना खिडकीच्या उजेडात बसवलं. दातांचे पॉइंट, म्हणजे चांगल्या दातांना मिळणारे गुण, मोजले. सैन्यात किमान 14 लागतात, हे त्यांना पाठ होतं. एका कानात मळ इतका की पडदा दिसेना. भरतीच्या मेडिकलला पडदा दिसला नाही की पोरगं अडकतं. डॉक्टरांनी स्वतः उकरलं नाही, आधी थेंब दिले आणि मग बोलावून साफ केला. हेच बरोबर. घरी काडी घालून पडद्याला इजा करून घेतलेली पोरं मी पाहिलीत.

नाडी 108 भरली. पुतण्याचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं, चहा किती पितो, व्यायामाआधीची पावडर घेतो का, विचारलं आणि शांत झाल्यावर पुन्हा मोजली तर 84. जांघेतलं गजकर्णही त्यांनीच पकडलं. पठ्ठ्या औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावत होता. त्यानं खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मलम बंद करून साधं बुरशीनाशक सुरू केलं. बराकीत एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या अंगावर जातो, तिथं हे दुखणं अख्ख्या प्लाटूनला लागतं.

आता उणीव. हिमोग्लोबिन 12.1 आलं. पुरुषाला 13 च्या खाली म्हणजे रक्त कमीच. त्यावर फक्त "गूळ-शेंगदाणे खा" एवढाच सल्ला मिळाला. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी नाही, व्हिटॅमिन डी नाही. किती धावतोस, कशावर धावतोस, बूट कसले, एकही प्रश्न नाही. ट्रेनिंगमध्ये पोरगं टिकणार का, हे मला विचाराल तर याच प्रश्नांवर ठरतं. पीटी, ड्रिल, टाचा आपटणं, पाठीवर वजन, सगळं एकदम सुरू होतं. भार अचानक वाढला की हाड आधी आतून खरवडलं जातं, नवीन हाड भरायला त्यानंतर वेळ लागतो. त्या मधल्या आठवड्यांत नडगीला बारीक तडा जातो. पूर्ण नडगी ठणकत असेल तर बहुधा स्नायू आणि आवरणाची सूज. बोटाच्या टोकानं एकाच जागी दाबल्यावर कळ आली तर तडा धरून चालायचं आणि धावणं थांबवायचं. सुरुवातीचा एक्स-रे कोरा येऊ शकतो, त्यावर विसंबायचं नाही. मागच्या बॅचला टाकतील या भीतीनं पोरं दुखणं लपवतात, आणि आठवड्यांचं काम महिन्यांवर जातं.

कंपाउंडरनं तर "ग्राउंडच्या दिवशी घे" म्हणून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टीच पुढं केली. मी तिथंच थांबवलं आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ती परत घेतली, पण बाकीच्या पोरांना किती दिल्या असतील? पाणी कमी पडलेल्या अंगात ही गोळी आणि वर जीव तोडून धाव, यात मूत्रपिंडाला मार बसतो. दुखणं दडपून पळाल्यानं नडगीचंही नुकसानच.

रांगेत पुढं नंदुरबारचा एक मुलगा होता, इथल्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत राहणारा. त्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक पुष्कळ. वाहकाला एरवी काही जाणवत नाही, पण उन्हाची सवय नसताना पूर्ण ताकदीनं धावलं की तो कोसळू शकतो, जीवही जातो. चाचणी स्वस्त आहे, तरी दवाखान्याच्या यादीत ती नव्हती. मी डॉक्टरांना ती घालायला सांगितलं. त्यांनी मान्य केलं, हा त्यांचा चांगुलपणा.

उन्हाचंही तसंच. अंगाला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असताना धावायचं नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून आलं असतं तर पोरांनी ऐकलं असतं. काकानं सांगितलेलं ती घरचं बोलणं म्हणून सोडून देतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. भरतीच्या मेडिकलच्या तयारीसाठी अशा तपासणीला नक्की जा, पण तारखेच्या किमान दोन महिने आधी, म्हणजे रक्त वाढवायला, दातांना, कानाला वेळ मिळतो. रविवारी अकॅडमीच्या गाड्या येतात, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा. जुने रिपोर्ट, चष्मा असेल तर चष्मा आणि धावायचे बूट सोबत न्या. बूट टेबलावर ठेवून डॉक्टरांना तळ दाखवा आणि फेरिटिन, व्हिटॅमिन डी, सिकलसेल या तिन्ही चाचण्या स्वतःहून मागा.