व्हूडू ३ ३००० : कार्ड तगडं, कंपनीचा हिशेब चुकलेला

उद्यमबागेतल्या कारखान्यांचे जुने पेंटियम २, पेंटियम ३ बेळगावच्या भंगारात आले, की खोलून बघा. आत थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू ३ ३००० हे ग्राफिक्स कार्ड मिळालं तर सोडू नका. विंडोज ९८वर ग्लाइडचे (थ्रीडीएफएक्सच्या स्वतःच्या थ्रीडी प्रणालीवर चालणारे) गेम खेळायला यापेक्षा सोयीचं कार्ड नाही.

चिप आणि मेमरी दोन्ही १६६ मेगाहर्ट्झवर, मेमरी १६ एमबी. 'अनरिअल' ८००×६०० वर मस्त पळतं, 'नीड फॉर स्पीड २ एसई'ही. डेस्कटॉपचे रंग ३२ बिटवर ठेवलेत तरी चालतात, थ्रीडी मात्र १६ बिटच, म्हणजे कमी छटांचं. टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायचं चित्र) २५६×२५६ च्या वर घेत नाही, म्हणून पुढच्या काळातल्या गेममध्ये भिंती-जमिनी धूसर दिसतात.

लावण्याआधी खाच बघा. एजीपीचं (ग्राफिक्स कार्डासाठीच्या खास स्लॉटचं) कार्ड ३.३ व्होल्टचं आहे आणि खाच मागच्या पट्टीच्या बाजूला असते. इंटेल ८४५ आणि त्यानंतरच्या चिपसेटच्या बोर्डांचा स्लॉट १.५ व्होल्टचा, तिथे ते बसतच नाही. जोर लावून, घासून बसवू नका, बोर्ड जळेल. ४४०बीएक्स किंवा व्हीआयए अपोलो प्रो १३३ चिपसेट असलेला बोर्ड शोधा. स्वस्तातल्या एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) ३.३ व्होल्टची लाइनही मीटरने तपासा.

खरं दुखणं उष्णतेचं. हीटसिंक आहे, पंखा नाही. अर्ध्या तासाने ठिपके येऊन पीसी हँग झाला तर कार्ड तापलंय असं समजा. पीसी चालू करतानाच ठिपके असतील तर मेमरी किंवा सोल्डर गेलेला. हीटसिंक इपॉक्सीने चिकटवलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने उपटायला गेलात तर चिपच निघून येईल. ८० मिमीचा पंखा शेजारी बसवा, तेवढं पुरतं. खानापूर, लोंढ्याकडच्या पावसाळी हवेत संपर्कपट्ट्या काळ्या पडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर हलक्या हाताने, नाहीतर सोन्याचा मुलामा जातो. सॉफ्टवेअर टाकायचा क्रम असा: आधी बोर्डाचा चिपसेट ड्रायव्हर, मग डायरेक्टएक्स ७, शेवटी कार्डाचा.

आता कंपनीविषयी, कारण हे कार्ड त्याच गोंधळातून बाहेर आलं. डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही टेक्ससची कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं. व्यवहार शेअर अदलाबदलीचा, साधारण १४ कोटी डॉलरचा, मे १९९९ मध्ये पूर्ण झाला. तोवर थ्रीडीएफएक्स फक्त चिप विकत होती आणि डायमंड, क्रिएटिव्ह या कंपन्या त्यावर कार्ड बनवत. आता चिपवाली कंपनी स्वतःच कार्डवाली झाली, म्हणजे गिऱ्हाईकांचीच स्पर्धक! गुंतवणूकदारांची शंका हीच होती: हे कार्डवाले एनव्हिडिया या स्पर्धक चिप कंपनीकडे गेले तर एसटीबीचा मेक्सिकोतल्या हुआरेझचा कारखाना भरायचा कशाने? ती रास्त होती. क्रिएटिव्ह एनव्हिडियाच्या टीएनटी २ कडे वळली, आणि त्या कार्डात ३२ बिट रंग होते. स्वतःचा कारखाना आला की पगार, माल, साठा सगळं अंगावर येतं, आणि एक चिप उशिरा निघाली तर तो साठा कमी भावात काढावा लागतो. थ्रीडीएफएक्सची पुढची चिप व्हीएसए-१०० उशिरा आलीच, तोवर एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ दुकानात होतं. डिसेंबर २००० मध्ये मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचं ठरलं, ऑक्टोबर २००२ मध्ये दिवाळखोरी.

व्हूडू ३ यात अपयशी ठरलं असं म्हणणं अन्याय आहे. वेगात ते आपल्या काळच्या कार्डांच्या तोडीचं होतं. कमी पडली ती धंद्याची मांडणी.

घेताना खोक्यासाठी जादा पैसे मोजू नका, ते संग्राहकांचं काम. विकणाऱ्याला पीसीत लावून गेम चालवून दाखवायला सांगा, किमान अर्धा तास. त्याच्याकडे टीएनटी २ एम६४ पडलं असेल तर ते टाळा. मेमरीची बस (माहिती ने-आण करायची वाट) अर्धी असल्याने ते साध्या टीएनटी २पेक्षाही मंद चालतं.