आयडा, गीड्रा की बायनरी निन्जा?

पहिला डिसअसेम्ब्लर, म्हणजे तयार प्रोग्रामचा मशीन कोड असेम्ब्लीत वाचायला देणारं साधन, यातला कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: समोरची फाईल कुठल्या प्रोसेसरची आहे? विंडोजचा ६४-बिट प्रोग्राम आणि जुन्या राउटरमधलं मिप्स प्रोसेसरचं फर्मवेअर (उपकरणात बसवलेला प्रोग्राम) यांना एकच उत्तर चालत नाही.

ऑब्जडम्पसारखं साधन असेम्ब्ली ओतून देतं आणि बाजूला होतं. इंटरॅक्टिव्ह डिसअसेम्ब्लरमध्ये खरं काम त्यानंतर सुरू होतं. एका फंक्शनचा अर्थ लागला की त्याला तुम्ही नाव देता, व्हेरिएबलचा टाइप ठरवता, आणि जिथे जिथे ते फंक्शन बोलावलंय तिथे तिथे नवं नाव दिसू लागतं. नावं वाढत जातात तसा अंधार हटत जातो. म्हणून नाव बदलणं आणि क्रॉस-रेफरन्स (कुठून कुठे बोलावलंय ते) बघणं किती चटकन होतं, ही माझी पहिली कसोटी.

या कसोटीवर आयडा आजही पुढे आहे. इल्फाक गिल्फानोव यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उभा केलेला हा प्रोग्राम आता बेल्जियममधली हेक्स-रेज ही कंपनी विकते. एन दाबा, नाव बदला. एक्स दाबा, कोण कोण बोलावतंय ते पाहा. एफ५ दाबा, डीकंपायलर असेम्ब्लीवरून सीसारखा कोड समोर ठेवतो. बोटांना सवय लागली की दुसरीकडे अडखळायला होतं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते फ्लर्ट. स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररीचा कोड आतच भरलेल्या प्रोग्राममध्ये हजारो फंक्शन्स असतात आणि त्यातली बरीचशी लायब्ररीचीच असतात. फ्लर्ट सह्या, म्हणजे ओळखीच्या फंक्शन्सच्या बाइटखुणा, जुळवून त्यांना ओळखतं आणि नावं लावतं, त्यामुळे लेखकाने स्वतः लिहिलेला कोड तेवढा वाचायला उरतो. मालवेअरच्या कामात यानं कित्येक तास वाचतात.

अडचण पैशाची. पूर्ण आवृत्ती विद्यार्थ्याला परवडणारी नाही. मोफत आवृत्ती आहे, पण ती व्यावसायिक कामाला चालत नाही, आणि तिचा डीकंपायलर फक्त इंटेल-एएमडीच्या कोडपुरता, तोही कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा. ग्राहकाची गोपनीय फाईल असेल तर तिथेच थांबा.

क्रॅक केलेली प्रत तर कुणी ‘पेन ड्राइव्हवर देतो’ म्हणालं तरी घेऊ नका. लॅझरस या हल्लेखोर टोळीने आयडा ७.५च्या चोरट्या इन्स्टॉलरमध्ये मालवेअर घालून तो सुरक्षा संशोधकांसाठी पसरवल्याचं ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२१मध्ये उघड केलं होतं.

गीड्रा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मार्च २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए परिषदेत सर्वांसाठी खुलं केलं. हेरखात्याची वस्तू म्हणून बिचकणारे भेटतात. सोर्स अपाचे परवान्याखाली खुला आहे, तो वाचा आणि स्वतः बिल्ड करा. याची ताकद स्ले या वर्णनभाषेत आहे. प्रोसेसरच्या सूचना त्या भाषेत एकदा मांडल्या की त्यांचं पी-कोड या सामाईक मधल्या भाषेत रूपांतर होतं, आणि डीकंपायलर पी-कोडवरच चालतो. त्यामुळे एआरएम, मिप्स, पॉवरपीसी, एव्हीआर, अगदी झेड८०सुद्धा, सगळ्यांना डीकंपायलर फुकट. आयडात तो प्रोसेसरगणिक वेगळा विकत घेण्याची रीत होती. चुकलेलं पाऊल मागे घेण्याची सोय गीड्रात पहिल्या दिवसापासून होती. आयडात ती २०१९च्या ७.३ आवृत्तीत आली! चारजणांनी मिळून एकाच फाईलवर काम करायला गीड्राचा स्वतःचा सर्व्हरही आहे.

उणिवा आहेतच. जावावर चालतो, मोठ्या फाईलच्या विश्लेषणाला वेळ खातो, आणि इतक्या खिडक्या उघडतो की लहान लॅपटॉपवर जीव गुदमरतो. प्रोग्राम चालवून पायरीपायरीने पाहण्याचा डीबगर २०२१मध्ये आला, पण मला तो अजून अवघड वाटतो. विंडोजवर मी सरळ एक्स६४डीबीजी हा वेगळा डीबगर वापरतो.

बायनरी निन्जा फ्लोरिडाच्या व्हेक्टर ३५चा, २०१६पासूनचा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी आधी याच्याकडे पाहावं. असेम्ब्लीपासून सीसारख्या कोडपर्यंत मधल्या पायऱ्यांच्या तीन भाषा त्यात आहेत आणि पायथनमधून कुठल्याही पायरीवर हात घालता येतो. वैयक्तिक परवाना आयडाच्या पूर्ण आवृत्तीपेक्षा बराच स्वस्त, फक्त खिडकी न उघडता शेकडो फाइली चाळायच्या असतील तर व्यावसायिक परवानाच लागतो. गीड्रात ते काम फुकट होतं.

टर्मिनलवाल्यांसाठी राडारे२ आहे, आणि त्यापासून २०२०मध्ये फुटलेला रिझिन. कमांड पाठ करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

शिकत असाल किंवा फर्मवेअर उघडायचं असेल, तर माझं मत निःसंशय गीड्राला. रोज विंडोज मालवेअर पाहून पगार मिळत असेल, तर कंपनीकडून आयडा मागून घ्या, तो खर्च वसूल होतो. कुणाचा प्रोग्राम उघडताय हेही पाहा: भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला इतर प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आणि अभ्यासासाठी काही मोकळीक देतं, पण ती मर्यादित आहे. कलम स्वतः वाचा.

अजून ठरत नसेल तर वीस ओळींचा सी प्रोग्राम लिहा, त्यात एक लूप आणि एक स्ट्रक्चर ठेवा. जीसीसी कंपायलरने एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय आणि एकदा ओ२ हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून कंपाइल करा. मग दोन्ही फाइली गीड्रात आणि मोफत आयडात उघडून आपलं स्ट्रक्चर कुठे सापडतं ते पाहा.