आठ महिने, 42 व्हिडिओ आणि ती टिकटिक

नुकताच शाळेतला टीव्ही बदलला आणि लेखन शिकवणाऱ्या व्हिडिओ कोर्सच्या ॲपनं मला ओळख द्यायचंच बंद केलं. म्हणे, 'हे खातं दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.' जुना टीव्ही पावसाळ्यात व्होल्टेज कमीजास्त होऊन जळला, भंगारातही गेला. हेल्पलाइनवरच्या मुलाला हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "मॅडम, आधी जुन्या उपकरणावरून लॉगआउट करा." आठ महिन्यांचं साठलेलं होतंच, म्हणून लिहायला बसले.

कोर्स म्हणजे पटवून देणारं लेखन, सहावी ते आठवी, वर्षाचे 1,800 रुपये. पैसे माझ्या खिशातले. मुख्याध्यापकांकडे मागितले असते तर 'सरकारचं दीक्षा ॲप फुकट आहे की' ऐकावं लागलं असतं.

आधी ती टिकटिक. व्हिडिओतल्या ताई विचारतात, "तुमचं मत काय? विचार करा!" आणि पडद्यावर 5, 4, 3... पाच सेकंदांत सातवीतल्या पोराच्या पेनाचं टोपणसुद्धा निघत नाही. एका भागात चारदा, म्हणजे एकूण 168 वेळा. होय, मी गुणाकार केलाय. बंद करायची सोय नाही. आवाज कमी केला तर ताईही गप्प.

उदाहरणं उसनी. कॅफेटेरियातला पिझ्झा, बर्फ पडला म्हणून सुट्टी. आमची शाळा सांगलीकडच्या पलूस तालुक्यात! 'वाचकाला पकडणारा हुक' म्हटल्यावर मागच्या बाकावरून आलं, "बाई, शर्टाचा?" मग आम्ही त्याला 'हाळी' म्हणायला लागलो, बाजारात भाजीवाली घालते तशी. ॲरिस्टॉटलचे पटवून देण्याचे तीन मार्ग, इथॉस, पॅथॉस, लोगॉस, आमच्या भिंतीवर 'पत, कळवळा, हिशेब' म्हणून लागले.

दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर एक तारा दिला असता. मग अकरावा भाग लागला: विरोधी मत. समोरच्याचं म्हणणं आधी असं मांडायचं की तो 'हां, हेच म्हणतोय मी' म्हणेल, आणि मग उत्तर द्यायचं. आमच्या निबंधात ही सवयच नाही. 'मोबाईल : शाप की वरदान'मध्ये शेवटी 'अति तिथे माती' लिहिलं की दोन्हीकडून सुटका.

विषय मी माझा दिला. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली, पोरांच्या अभ्यासासाठी. आपल्याकडे भोंगा हवा का? ग्रामपंचायतीला पत्र लिहा. हवा म्हणणाऱ्या एका मुलीनं गल्लीतली 23 घरं फिरून सातला कुठं टीव्ही चालू असतो ते मोजून आणलं. नको म्हणणाऱ्या एकानं लिहिलं, 'सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेला 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका. पाणी किती चढलं ते आमच्या घरी मोबाईलवरच कळतं.' 2019 ला त्यांच्या घरात पाणी होतं. त्या मुलीनं पत्र पुन्हा लिहिलं. त्याचा मुद्दा आधी जसाच्या तसा घातला, आणि खाली : पावसाळ्यात प्रत्येक घरात एक मोबाईल चालू ठेवावा. बावीस वर्षांत मी असं पत्र तपासलं नव्हतं.

आता टिकटिकीबद्दल थोडं मागे घेते. एका पोराला रिमोटवर बसवलं. 5 दिसला रे दिसला की थांबवायचं. सहा मिनिटांचा भाग अख्खा तास खायचा, आणि जे काही झालं ते त्या थांबलेल्या पडद्यासमोरच झालं. पण याचं श्रेय मी कंपनीला कशाला देऊ?

हेल्पलाइनला सांगितल्यावर चौथ्या दिवशी मेल आला, 'तक्रार निकाली काढली आहे.' ॲप बंदच. त्याच संध्याकाळी नूतनीकरणाचा मेसेज : 'फक्त आजच! सवलत संपायला 04:59.' दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला. रिमोटवाला म्हणाला, "बाई, ह्यात हिशेब कुठाय? नुसती टिकटिक."

मी काही नूतनीकरण करत नाही. घ्यायचाच असेल तर 250 चा महिन्याचा घ्या आणि 11 ते 16 भाग उरकून टाका. जाहिरात लेखनाचे भाग सोडा, ते घरातल्या रद्दीवर जास्त चांगलं शिकवता येतं. आणि आकाशात वीज कडाडायला लागली की आधी लॉगआउट करा.