मिरजेतला युरॉलॉजीचा दवाखाना: 66 व्या वर्षी घेतलेला अनुभव

तासगाव आगारात 29 वर्षं कंडक्टर होतो. ड्युटीवर लघवी दाबून ठेवायची सवय अंगात मुरलेली. त्यामुळे निवृत्तीनंतर रात्री चार-चार वेळा उठावं लागायला लागलं, तेव्हा हे त्या सवयीचंच फळ, असं धरून चाललो. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागायला लागला, तरी ‘वय झालं’ म्हणत चार वर्षं काढली. मध्ये भिंतीवरची जाहिरात वाचून एका ठिकाणच्या पुड्या आणल्या. साडेपाच हजार गेले आणि तिथे मला कुणी तपासलंसुद्धा नाही.

शेवटी निमित्त झालं माझ्या जुन्या ड्रायव्हरचं. त्याला सर्दी झाली, मेडिकलमधून गोळी आणून खाल्ली आणि रात्री लघवी पूर्ण तुंबली. पहाटे नळी घालावी लागली. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असताना सर्दीच्या काही गोळ्यांनी असं होऊ शकतं, हे त्याला तेव्हा कळलं. दुसऱ्याच दिवशी हिने मला न विचारता मिरजेत युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडे, नंबर लावला.

आधी तक्रार सांगतो. काउंटरवरच्या मुलीने दहा-बारा माणसांसमोर मोठ्याने विचारलं, ‘‘काका, काय त्रास होतो?’’ मला तोंड उघडवेना. मी ‘पोटात दुखतंय’ असं खोटं सांगितलं. या दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस आधीच संकोचून आलेला असतो. तिथे एक कागद पुढे करून ‘यावर लिहा’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. दुसरं म्हणजे पुरुषांसाठी स्वच्छतागृह एकच. तेही मशीनवर लघवीची धार मोजायला लागतं, म्हणजे बाकीच्यांनी कळ सोसत बसायचं.

आत गेल्यावर मात्र सगळं बदललं. आधी एका मुलाने सात प्रश्नांचा छापील कागद दिला, मराठीत. रात्री किती वेळा उठता, धार मध्येच तुटते का, कुंथावं लागतं का. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. 7 पर्यंत त्रास सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 पासून पुढे तीव्र. माझे 18 आले. खाली एक आठवा प्रश्न वेगळा होता: उरलेलं आयुष्य लघवीचं असंच राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? त्या ओळीवर मी पेन टेकवून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मग धारेची तपासणी. उभं राहून फनेलसारख्या भांड्यात लघवी करायची, मशीन आलेख काढतं. निरोगी माणसाचा आलेख डोंगरासारखा वर चढून उतरतो. माझा आडवा, बांधासारखा. सेकंदाला जास्तीत जास्त 9 मिली. 15 च्या वर असेल तर ठीक मानतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट 46 ग्रॅमची निघाली, तरुणपणी ती 20 च्या आसपास असते. लघवी करून आल्यावरही 90 मिली आतच राहत होती.

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासायच्या आधी काय करणार, किती वेळ लागेल, का करतो, हे सगळं सांगितलं. अर्ध्या मिनिटात झालं. ‘‘काका, गुळगुळीत आहे, कडक गाठ लागली नाही.’’ तरी पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी केली. मी रोज सायकल चालवतो. ती दोन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यायला सांगितलं. 2.1 आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते यानंतरचं. त्यांनी कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘वय’, दुसऱ्या बाजूला ‘आजार’. म्हणाले, मनात असेल ते सगळं विचारा. मग मीही विचारलं. अंडकोषाची पिशवी पूर्वीपेक्षा खाली लोंबते, केस पांढरे आणि विरळ झाले, वृषण जरा लहान लागतात, लिंग आखूड दिसतं. हे सगळं ‘वय’च्या बाजूला गेलं. आखूड दिसण्यात ओटीपोटावरच्या चरबीचाही हात असतो म्हणाले. ताठरता यायला पूर्वीपेक्षा वेळ लागणं हेही वयातच. पण ती येतच नसेल तर दुसऱ्या बाजूला, कारण लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर तो काही वेळा आधी इथे दिसतो. लघवीत रक्त, वृषणात न दुखणारी कडक गाठ, लिंगावरची न भरणारी जखम, नव्याने आलेला बाक, हे सगळं त्याच रकान्यात.

माझी पुढची कातडी वर्षभर मागे सरकताना चिरत होती. मला वाटलं साबण बदलला म्हणून. डॉक्टरांनी त्या बारीक चिरा पाहिल्या आणि साखर तपासायला पाठवलं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 7.4 आली. मला मधुमेह आहे हे मला एका युरॉलॉजिस्टकडून कळलं.

गोळी सुरू झाली, टॅम्सुलोसिन 0.4 मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभे राहा, नाहीतर चक्कर येईल, हे त्यांनी बजावलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगा, हेही. एक मात्र सांगायचं राहिलं: या गोळीने वीर्य बाहेर येणं कमी होतं किंवा थांबतं. तिसऱ्या आठवड्यात मी घाबरून फोन केला. धोका काही नाही, गोळी थांबवली की पूर्ववत होतं, असं समजावलं आणि पुढच्या भेटीत ‘हे मी आधीच सांगायला हवं होतं’ असं स्वतःहून म्हणाले. असं कबूल करणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास वाढला.

आता रात्री एकदा उठतो. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा गुण 18 वरून 8 वर आले होते. तपासणी, धारेचं मशीन, सोनोग्राफी आणि रक्त मिळून 3100 रुपये झाले, पक्की पावती मिळाली. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी स्वतःहून काढला नाही.

जाणार असाल तर सोमवारी सकाळी जाऊ नका, दोन-दोन तास बसावं लागतं. दुपारी तीननंतर बरं. निघताना बाटलीभर पाणी पिऊन जा आणि वाटेत कुठे थांबू नका, कारण मशीनला निदान 150 मिली तरी लघवी लागते. मला पहिल्यांदा 90 च झाली होती, पुन्हा तासभर पाणी पीत बसलो.