‘माझ्या ओळखीच्या माणसाकडे तो पार्ट आहे’ असा मेसेज आला की सावध व्हा

जुन्या स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे, पार्ट शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, विशेषतः कॅनडा-अमेरिकेत येऊन हा नाद लागलेल्या आपल्या मंडळींनी. मला ९१५ डॉलरचा गंडा घातला गेलाय. कॅनडाचे डॉलर, म्हणजे रुपयांत पंचावन्न हजारांच्या आसपास. संताप अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं वाटतही नाही.

आम्ही उत्तर ऑन्टारिओत, सडबरीला राहतो. गाडी १९७० सालची, स्की-डू कंपनीची ऑलिम्पिक ३३५, एका सिलिंडरचं रोटॅक्स इंजिन. शेजारच्या फिनिश आजोबांनी ती मला दिली आणि एवढंच म्हणाले, एकदा चालू करून दाखव, मला तिचा आवाज ऐकायचाय. आजोबा ८४ वर्षांचे आहेत, तब्येत खालावत चालली आहे. ‘एवढी घाई कशाला केलीस’ असं मला नंतर अनेकांनी सुनावलं. घाई याच्यासाठी होती.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याची) सील सुकतात, तिथून जास्तीची हवा आत जाते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. या गाडीचं कधीतरी तेच झालं होतं. सील, गॅस्केट, ड्राइव्ह बेल्ट आजही नवे मिळतात. पण सिलिंडरवर नख अडकेल एवढे ओरखडे होते, तो आधीच रिबोअर झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला, शिवाय क्रँकचं बेअरिंग गेलेलं. असं सामान दुसऱ्या सुट्या केलेल्या गाडीतूनच काढावं लागतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शंभराहून जास्त कंपन्या स्नोमोबाईल बनवत होत्या, आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. २०२३ मध्ये तर यामाहानेही या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. स्की-डू जोरात आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीचा सिलिंडर कोणती कंपनी ठेवेल? मग आपण ‘पाहिजे’ची जाहिरात टाकतो, आणि हे भामटे तिथेच टपून बसलेले असतात.

पुढचा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. स्वतः विकणारा माणूस आधी येतच नाही. आधी येतो एक ‘मदत करणारा’. तो म्हणतो, माझ्याकडे नाही, पण थंडर बे (ऑन्टारिओतलंच एक शहर) इथल्या एकाने नुकतीच एक ऑलिम्पिक सुटी केली, मी त्याच्याकडून कार्ब्युरेटर घेतला, माणूस सरळ आहे. हे दोघे एकच असतात. शिफारस करणाऱ्याला तुम्ही ओळखत नसाल तर त्या शिफारशीला दमडीची किंमत नाही.

त्या ‘सरळ’ माणसाने पहिल्याच मेसेजात विचारलं, तुमच्या इंजिनवरचा नंबर काय? मी दिला. उलट मी त्याला विचारायला हवं होतं. तुमच्या गाडीबद्दलची कोणतीही माहिती समोरच्याला आधी देऊ नका. नंबर त्याला सांगू द्या. किंवा त्या मॉडेलला कधी नव्हताच असा एखादा पार्ट मागा. ‘हो, तोही आहे’ म्हणाला की तिथेच ब्लॉक करा.

आणि आता तो फोटो. मी काही डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत. मी त्याला म्हटलं, सिलिंडरशेजारी कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून फोटो पाठव. जो तो हाच सल्ला देतो. दहा मिनिटांत फोटो आला. लाकडी फळीवर सिलिंडर, बाहेरच्या सगळ्या फिन (थंड ठेवणाऱ्या पट्ट्या) शाबूत, आत होनिंगच्या, म्हणजे घासून केलेल्या, तिरप्या रेघा स्पष्ट, बाजूला कागद, त्यावर माझं नाव आणि फेब्रुवारीची तारीख. मी तो मोठा करकरून बघितला. बघितलं काय, तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. फळीच्या पलीकडे, खालच्या डाव्या कोपऱ्यात हिरवं गवत होतं. त्यात डँडेलायनचं एक पिवळं फूल. फेब्रुवारीत, थंडर बेमध्ये! जिथे त्या दिवसांत गुडघाभर बर्फ असतो तिथे. फोटो कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतून उचललेला आणि कागद वरून चिकटवलेला. तो फोटो मी रात्री पुन्हा पुन्हा उघडतो. ते फूल इतकं ठसठशीत आहे की आता दुसरं काही दिसतच नाही. पण महिनोन् महिने एक सिलिंडर शोधणारा माणूस सिलिंडर बघणार, कोपरा नाही, हे त्या चोराला पक्कं माहीत होतं.

सिलिंडर आणि पिस्टन ४२५, क्रँकशाफ्ट २८५, पाठवणीचे ६५. एकूण ७७५ डॉलर ई-ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून ऑनलाइन, गेले. पाठवताना खातेदाराचं नाव वेगळंच दिसलं. बायकोचं खातं आहे म्हणाला. नाव जुळत नसेल तर कारण ऐकूनच घेऊ नका. दोन दिवसांनी विम्याचे १४० मागितले, पार्सल मिळाल्यावर परत मिळतील म्हणून. तेही दिले, कारण ट्रॅकिंग नंबर आला होता. तो नंबर खरा होता. फक्त लेबल छापलेलं, पार्सल कुरियरकडे कधी पोचलंच नाही. ‘लेबल तयार’ म्हणजे माल निघाला नव्हे.

बँकेचं म्हणणं, तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, समोरच्या खात्यात जमा झाला, विषय संपला. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावला, कारण रक्कम ५,००० डॉलरच्या आत. पुढे एका बाईंनी फोनवर सांगितलं, बँकेने माहिती दिली तर बघू. बँक म्हणते, पोलिसांनी मागितली तर देऊ. पोलीस मागत नाहीत. अरे, पैसे हवेत विरले नाहीत, ते एका खात्यात गेलेत! ओळखपत्र दाखवल्याशिवाय या देशात खातं उघडत नाही. त्या माणसाचं नाव-पत्ता एका संगणकात आत्ता, या क्षणी आहे, आणि बघायची तसदी कुणी घेत नाही. जाहिरातींच्या साइटला कळवलं तर ‘आमच्या नियमांचा भंग आढळला नाही’ असं छापील उत्तर. माझ्यासारखे किती जण ८००-९०० डॉलर गमावून गप्प बसले असतील? रक्कम लहान ठेवायची, म्हणजे कुणी तपास करणार नाही, हे त्या भामट्याला पोलिसांइतकंच चांगलं कळतं. नाशिकचा माझा भाऊ म्हणाला, आपल्याकडे १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर खातं गोठवायचा प्रयत्न तरी होतो. इथे मला तसा प्रयत्नसुद्धा कुणी करून दाखवला नाही.

व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर पार्ट हातात घेऊन फिरवायला सांगा. कॅमेरा बिघडलाय म्हणाला तर सोडून द्या. क्रेडिट कार्डाने किंवा खरेदीला संरक्षण असलेल्या मार्गानेच पैसे द्या, ‘मित्राला पाठवतोय’ असा पर्याय निवडायला सांगणारा चोरच. त्याहून बरं म्हणजे हिवाळ्यात ऑन्टारिओ-क्युबेकमध्ये जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात तिथे जा, पार्ट हाताळा, रोख द्या.

आणि पैसे नुकतेच गेले असतील तर आत्ता हे वाचणं थांबवा, बँकेला फोन लावा. समोरच्याने रक्कम स्वीकारली नसेल तर ई-ट्रान्सफर रद्द करता येतं. मात्र त्याने ऑटो-डिपॉझिट लावलेलं असेल तर पैसे थेट जमा होतात, रद्द करायला वेळच मिळत नाही. माझ्या चोराने ते लावलेलं होतं.