नवी बॅटरी, आठ महिने: सोमवारची टकटक कशी थांबली

शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावायची आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक. माझ्या १५० सीसी बाइकला किक नाही, त्यामुळे ऑफिसच्या कपड्यांत सोसायटीच्या उतारावर धक्का स्टार्ट. मूळ बॅटरी तीन वर्षं चालली होती, तिच्या जागी आणलेली चार महिन्यांत गेली. दुकानदार म्हणाला, दोष बॅटरीत नाही, गाडीत आहे. तेव्हा राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

नोव्हेंबरात तिसरी घेतली (१२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर, मेंटेनन्स-फ्री) आणि सोबत साधा डिजिटल मल्टिमीटर. माझ्या मते खरी किंमत मीटरने वसूल केली.

मीटरवर बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. इंजिन चालू करून रेस ४००० आरपीएमपर्यंत नेली, तर १४.१. हा आकडा १३ च्या वर जात नसेल तर कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजवर देणारा) बघावा लागतो. १५ ओलांडत असेल तर रेक्टिफायरच गेलेला असतो आणि बॅटरी फुगते. माझं चार्जिंग ठणठणीत होतं. हेडलाईट कायम चालू असतो म्हणून बॅटरी उतरते, असं दोघातिघांनी सांगितलं. २०१७ पासून नव्या गाड्यांना तो नियमच आहे, पण माझा इंजिन बंद झालं की विझतो. इथे तर उभ्या गाडीत करंट जात होता.

चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढली, मीटरची पिन १० अँपिअरच्या भोकात घातली आणि मीटर वायर व टर्मिनल यांच्या मध्ये जोडला. (असं जोडलेलं असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जाईल.) पडद्यावर ०.०६. म्हणजे ६० मिलिअँपिअर, दिवसरात्र. ५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी! एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. मग हँडलवरच्या मोबाइल चार्जरकडे लक्ष गेलं. बसवणाऱ्याने त्याची वायर थेट बॅटरीला दिली होती. ती सोडवली आणि ०.००. मिलिअँपिअरवर मोजलं तर फक्त २, ते गाडीच्या स्पीडोमीटरमधल्या घड्याळाचे. चार्जरचा कनेक्टर उघडला तर आत पावसाचं पाणी जाऊन पिनांवर हिरवा गंज चढलेला. माझी दुसरी बॅटरी यानेच मारली. पुन्हापुन्हा पूर्ण उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी नंतर चार्ज धरत नाही.

आता नवा चार्जर चावीवरच्या लाईनवर आहे (चावी चालू असेल तरच करंट), स्वतंत्र फ्यूज टाकून. मेमध्ये गावी गेलो तेव्हा गाडी १४ दिवस उभी होती. निघताना १२.८, आल्यावर १२.६, पहिल्याच सेल्फला चालू.

बॅटरीबद्दल तक्रार एकच. टर्मिनलमधला चौकोनी नट सैल असतो, स्क्रू लावताना खाली घसरतो आणि आटे पकडत नाही. मी त्याच्याखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा दाबून ठेवला. नट वर राहतो, स्क्रू एका दमात बसतो.