एअरबॅगचा दिवा लागलाच नाही : जुनी गाडी घेताना झालेली फसवणूक

मार्च २०२४ मध्ये आम्ही एक जुनी मोटार घेतली आणि त्या व्यवहारात चार लाख पस्तीस हजार रुपयांना फसलो. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, पुढे जवळजवळ तीन महिने माझ्या सासूबाई आठवड्यातून तीनदा त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून पूर्व द्रुतगती महामार्गावरून जात होत्या आणि त्या गाडीतली एकही एअरबॅग उघडण्याच्या स्थितीत नव्हती. हे आम्हाला ठाऊक नव्हते. विकणाऱ्याला मात्र ठाऊक होते. ज्यांच्या घरी सध्या जुनी गाडी घ्यायचे चालले आहे, त्यांनी टोकन देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठी सगळे तपशीलवार लिहीत आहे.

आम्ही भांडुपला राहतो. सासूबाईंचे डायलिसिस घाटकोपरला होते. चार तास मशीनवर राहून बाहेर पडल्यावर त्यांच्या अंगात रिक्षेचे हिसके सोसण्याइतके त्राण उरत नाही, आणि पावसाळ्यात तर रिक्षाही मिळत नाही. नवीन गाडी परवडणारी नव्हती. म्हणून आम्ही २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी, दोन एअरबॅग असलेली लहान गाडी शोधत होतो. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या खालच्या श्रेणीत ती नसायची, हे मला वाचून माहीत होते. त्यामुळे वरच्या श्रेणीची गाडी मिळावी म्हणून आम्ही ठरवलेल्या रकमेपेक्षा चाळीस हजार रुपये जास्त मोजले. सासूबाईंना पाय सरळ ठेवता यावेत यासाठी पुढेच बसावे लागणार होते आणि त्यांच्यासमोर एअरबॅग असावी हा आमचा हट्ट होता.

उपनगरातल्याच एका गाड्यांच्या विक्रेत्याकडे ती मिळाली. रंग चकचकीत, सीटकव्हर नवे, मीटरवर ३८,२०० किलोमीटर. पासिंग एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीचे. “ताई, कोकणातल्या डॉक्टरांची एकहाती गाडी आहे, नॉन-ॲक्सिडेंटल. पत्र्याला कुठे हात लागलेला दाखवा आणि फुकट घेऊन जा,” असे तो म्हणाला. माझ्या यजमानांनी बॉनेट उघडून पाहिले, गाडी वळणावर चालवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले. आणखी दोन गिऱ्हाइके संध्याकाळी येणार असल्याचे त्याने सांगितले आणि आम्ही त्याच दिवशी वीस हजार रुपये टोकन दिले. ही पहिली चूक. टोकन दिल्यावर माणूस गाडीतले दोष शोधायचे थांबवतो आणि आपला निर्णय बरोबरच होता याची कारणे शोधू लागतो. आमचे तेच झाले.

आरसीचे, म्हणजे गाडीच्या नोंदणीचे, कार्ड आमच्या हातात होते. त्यावर ‘ओनर सिरीयल’ या रकान्यात २ हा आकडा स्वच्छ छापलेला होता. एकहाती म्हणून सांगितलेल्या गाडीचे दोन मालक होऊन गेले होते. आम्ही गाडीचा नंबर जुळवला, नाव वाचले, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे ताडून पाहिले, आणि तो एक आकडा सोडून दिला. विकणाऱ्याने आमच्यासमोर गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० ठेवले. त्यांवर आधीच्या मालकाच्या सह्या होत्या, बाकी रकाने कोरे होते. मालक स्वतः आला नाही, त्याचा फोन नंबरही आम्हाला दिला गेला नाही. ताबापावतीवर बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘गाडी पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत ताब्यात घेतली, यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.’ त्याखाली माझी सही आहे.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि गाडीत एसी लावला की ओल्या मातीचा वास येऊ लागला. आम्ही चटया वाळवल्या, कापूर ठेवला. मग एकदा हॉर्न आपोआप वाजू लागला, एकदा डाव्या बाजूची काच खाली जाऊन वर येईना. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, डायलिसिस संपवून परत येताना विक्रोळीच्या पुढे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम विझले, इंजिन बंद पडले आणि धोक्याची सूचना देणारे इंडिकेटरसुद्धा लागेनात. मागून भरधाव ट्रक येत होते. यजमान मोबाइलचा दिवा हलवत गाडीच्या मागे रस्त्यावर उभे राहिले. मी सासूबाईंना धरून दुभाजकाकडे नव्हे, कडेच्या बाजूला कशीबशी उतरवले. त्यांच्या हाताला सुया काढल्याजागी पट्टी होती आणि त्या थरथरत होत्या. ती अर्धी घटका मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी पुढच्या डाव्या सीटचा पट्टा हातात घेऊन तो सावकाश, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोजच्या वापरात पट्ट्याचा जेवढा भाग बाहेर येतो तेवढा काळा, स्वच्छ होता. त्याच्या पलीकडचा, रिळात कायम गुंडाळलेला वीतभर भाग मात्र तांबूस, कडक झालेला होता, आणि नखाने खरवडल्यावर त्यातून बारीक वाळलेली माती त्यांच्या तळहातावर पडली. “वहिनी, गाडी धुता येते, सीट बदलता येते, पण हा पट्टा कोणी शेवटपर्यंत धूत नाही,” एवढेच ते म्हणाले. नंतर त्यांनी डिकीतली स्टेपनी काढली. तिच्याखालच्या खळग्यातल्या सांध्यांमध्ये तोच गाळ होता. सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते त्यांच्या बोल्टांना गंज चढलेला होता, आणि गालिचा उचलल्यावर खालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला. तांब्याला पाणी लागून राहिले की असा थर येतो.

मग त्यांनी किल्ली फिरवली आणि मला डॅशबोर्डकडे बघायला सांगितले. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागतो आणि यंत्रणा ठीक असेल तर विझतो. दिवा लागून राहिला तर बिघाड आहे. आमच्या गाडीत तो दिवा लागतच नव्हता. इतके दिवस तो दिसत नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असे आम्ही समजत होतो. मिस्त्रींनी मीटरचा संच खोलून माझ्यासमोर धरला. एअरबॅगच्या चिन्हामागे काळ्या चिकटपट्टीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा नीट कापून लावलेला होता. दिवा आत जळतच होता, फक्त तो बाहेर दिसू नये अशी व्यवस्था केली होती. एअरबॅगचे नियंत्रण करणारा संच दोन पुढच्या सीटच्या मधोमध, खाली जमिनीलगत असतो. तो पाण्यात राहून निकामी झाला होता, स्कॅनर लावल्यावर त्याच्याशी संपर्कच होत नव्हता. सीटबेल्ट अपघाताच्या क्षणी आवळून धरणारी यंत्रणाही त्याच संचावर चालते, म्हणजे तीही गेली होती.

मीटर मागे फिरवणे ही लबाडी आहे, खोटे बोलणे ही लबाडी आहे, पण तो चिकटपट्टीचा तुकडा मला वेगळ्या जातीचा वाटतो. कुणीतरी बसून, धोक्याची सूचना देणारा दिवा पाहून, तो विझवण्याऐवजी झाकला आणि त्या सीटवर कोण बसणार याचा विचार केला नाही.

तोवर आरसी माझ्या नावावर झाली होती, म्हणून त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर देऊन गाडीचा इतिहास मागितला. दहा मिनिटांत कागद हातात आला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीला पूर येऊन चिपळूण शहर पाण्याखाली गेले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतर आठवड्याभरातच ही गाडी टो करून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्कशॉपमध्ये आणली गेली होती. नोंद होती : पाणी डॅशबोर्डपर्यंत, ६१,४१२ किलोमीटर, खर्चाचा अंदाज दिला, दुरुस्ती केली नाही. त्यापुढे एकही नोंद नाही. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ६१ हजार किलोमीटर चाललेली गाडी आम्हाला ३८ हजारांवर विकली गेली. मधल्या काळात विमा कंपनीने ती ‘टोटल लॉस’ ठरवली होती, हे पहिल्या मालकांचा शोध लागल्यावर त्यांच्याच तोंडून कळले. त्यांनी विम्याचे पैसे घेतले होते आणि गाडी भंगार म्हणून गेली असे त्यांना वाटत होते.

दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर आपल्याकडे गाडी टोटल लॉस धरली जाते. कायद्याने, गाडी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने तसे आरटीओला कळवायचे असते. पण ते झाले नाही तर सांगाडा आणि आरसी दोन्ही भंगारवाल्याच्या साखळीतून पुढे जातात आणि सरकारी ‘वाहन’ नोंदीत ती गाडी सर्वसाधारण गाडीसारखीच दिसत राहते. म्हणून एमपरिवहन ॲपवर सगळे ठीक दिसले म्हणजे गाडी ठीक आहे असे मानू नये. तिथे मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत या गोष्टी कळतात आणि त्या पाहिल्याच पाहिजेत, पण गाडी बुडाली होती का, ठोकली होती का, हे तिथे कळत नाही. ते कळते सर्व्हिसच्या नोंदींतून आणि विम्याच्या जुन्या पॉलिसींतून.

पॉलिसीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण हे आम्हाला कुणीच सांगितले नव्हते. सर्वंकष पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ असा रकाना असतो. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मध्येच तो शून्यावर आला असेल तर त्या वर्षी दावा केला गेला किंवा मालक बदलला. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असल्यामुळे मालक बदलल्यावर शून्यापासून सुरुवात होते. दोन्हीपैकी कोणते, ते विकणाऱ्याला विचारता येते आणि कागदावरून पडताळता येते. आम्हाला मिळालेली पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची होती, महिन्याभरापूर्वी काढलेली. डॉक्टरांची, जपून वापरलेली, साडेचार लाखांची गाडी आणि तिला स्वतःच्या नुकसानीचा विमाच नाही, हे खटकायला हवे होते. मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. विकणारा त्या देत नसेल तर ती गाडी घेऊ नका, मग किंमत कितीही आकर्षक असो.

सर्व्हिसचा इतिहासही मालकाच्या संमतीने आधीच मागता येतो. त्याच वेळी सदोष भाग बदलून देण्यासाठी कंपनीने ती गाडी परत बोलावली आहे का (याला ‘रिकॉल’ म्हणतात) आणि ते काम बाकी आहे का, तेही चेसिस नंबरवरून विचारावे. ‘टकाटा’ या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलून देण्यासाठी भारतातही गाड्या परत बोलावल्या गेल्या. अशी पत्रे पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला ती मिळत नाहीत. काम मात्र विनामूल्य करून मिळते. आणि क्रॅश टेस्टचे, म्हणजे गाडी मुद्दाम धडकवून केलेल्या सुरक्षा चाचणीचे, तारे पाहून गाडी निवडत असाल, तर ते तारे चालू स्थितीतल्या एअरबॅग आणि सीटबेल्टसह दिलेले असतात, हे कृपया लक्षात ठेवा.

विकणाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने ताबापावती पुढे केली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे आणि विकायला घेतलेल्या गाडीची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्याच्याकडे ते अधिकारपत्र नव्हते. आम्ही ते गाडी घेण्यापूर्वी मागितलेही नव्हते. आता वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मिस्त्रींचा लेखी अहवाल, सर्व्हिस सेंटरचा कागद, पट्ट्याची आणि त्या चिकटपट्टीची छायाचित्रे जोडली आहेत. मीटरचा संच खोलताना यजमानांनी मोबाइलवर चित्रण केले होते, त्याचा वकिलांना फार उपयोग झाला.

गाडी सोसायटीच्या आवारात उभी आहे. मागच्या महिन्यात एक दलाल येऊन दीड लाख रोख देतो म्हणाला. कागदपत्रांची चौकशी त्याने केली नाही, फक्त मीटरचा संच परत बसवून द्या असे सांगितले. आम्ही त्याला चिकटपट्टीचा फोटो दाखवला. “ते आम्ही बघून घेऊ,” असे म्हणून त्याने आकडा एक लाख सत्तर हजारांवर नेला. गाडी दिली नाही. सासूबाई सध्या शेजारच्या काकांच्या गाडीतून डायलिसिसला जातात, आणि पहिल्या दिवशी बसताना त्यांनी स्वतःच पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला.